लॉजवर राहून गेलेलं सामान

लॉजवर किस्से कसे साठतात ते सांगतो. माणूस खोली सोडतो तेव्हा त्याला नेहमी एक गाडी गाठायची असते. त्या घाईत काहीतरी मागं राहतं, उशीखाली, खिडकीत, न्हाणीतल्या खुंटीवर. ते न्यायला तो परत आला की त्याच्यासोबत एखादी गोष्ट येते. नाहीच आला तर आपणच गोष्ट रचत बसतो! माझी वीसएक वर्षं अशी गेली.

मी मूळचा उमरीचा. बहात्तरच्या दुष्काळात पोटापाण्यासाठी लातूरला आलो आणि स्टँडसमोरच्या एका लॉजवर चिकटलो. खाली चहाचं हॉटेल, वर अकरा खोल्या. मी रजिस्टर लिहायचो, म्हणून मॅनेजर! मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी बंडी, लिंगपूजा झाल्याशिवाय गल्ल्यावर बसणार नाहीत. आणि खोल्या झाडायला रहमतबी. नजर इतकी तेज, की कॉटखाली पडलेलं शर्टाचं बटनसुद्धा आणून द्यायची.

जिन्याखाली एक लोखंडी कपाट होतं. राहिलेली वस्तू त्यात जायची, तिला खोली नंबर आणि तारखेची चिठ्ठी लागायची. अप्पांचा कडक हुकूम होता. "गिऱ्हाईक गेलं तरी त्याचं सामान आपल्याकडं मुक्कामाला हाय. त्याला कुणी बाहेर काढायचं न्हाई."

*

मी लागलो त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. नळ कोरडे. गिऱ्हाइकाला खोलीसोबत एक बादली पाणी, त्यात त्यानं काय उरकायचं ते उरकावं.

औशाकडचा एक माणूस बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेऊन आला. हातात तेलाचा असतो तसा पत्र्याचा डबा. मला वाटलं तेल. तर म्हणाला, "पाणी हाय, आमच्या हिरीचं. लातुरात पाणी मिळंना म्हणून ऐकलं. बाळंतिणीला लागंल."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बाईला सोलापूरला न्यायला सांगितलं. बिचारा तसाच पळाला. डबा कॉटखाली राहिला, निम्मा भरलेला. रहमतबीनं तो कपाटात ठेवला आणि मी चिठ्ठी लावली.

पंधरा दिवसांनी तो आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मी डबा काढून दिला. त्यानं झाकण उघडलं आणि माझ्याकडं बघतच राहिला. डबा गळ्यापर्यंत भरलेला!

रहमतबी जिन्याच्या पायरीवर उभी होती. पदर सावरत पुढं आली.

"भाई, तुमचं पाणी मी घरी नेलं होतं. नातवाला ताप होता, घरात थेंब नव्हता. मग टँकरला दोन रोज लाईन लावून भरून ठेवलं. गुस्सा करू नका."

मला हे नवीन होतं. अप्पांनाही. अप्पा गल्ल्यावरून उठले. वाटलं, आता बाईची नोकरी जाते.

त्या माणसानं ओंजळीत पाणी घेतलं. एक घोट प्याला. तोंड पुसलं.

"हे आमचं न्हाईच. आमच्या हिरीचं मचूळ असतंय, मावशी," तो म्हणाला. "हे गोडं हाय!"

आणि आणखी एक ओंजळ भरून घेतली.

*

दुष्काळ ओसरला नव्हता तेव्हाचाच हा दुसरा. हा जरा हलका आहे.

निलंग्याचे एक आजोबा कोर्टाच्या तारखेला यायचे. एकदा त्यांची कवळी पेल्यात राहिली. त्याच आठवड्यात उदगीरचे एक कापड दुकानदार आले, त्यांचीही राहिली! मी दोन्ही पेले कपाटात शेजारी-शेजारी ठेवले, वर चिठ्ठ्या डकवल्या. आणि पेले ओले असल्यानं चिठ्ठ्या गळून पडल्या.

आजोबा आले. मी दोन्ही कवळ्या स्वच्छ धुऊन पुढं ठेवल्या. म्हटलं, तुमची ओळखा.

त्यांनी एक घातली, जबडा हलवून बघितला. काढली. दुसरी घातली. खालच्या हॉटेलातून एक भजं मागवलं, कटकन तोडलं, सावकाश चावून खाल्लं.

"कोणती तुमची?" मी विचारलं.

"पहिली माझी."

"मग ही काढा की."

"ऱ्हाऊ द्या. ही बरी बसती!" म्हणाले आणि काठी टेकत गाडीला निघूनही गेले. मी मागं धावलो तर गाडी हलली होती.

महिन्याभरानं उदगीरचे शेठ आले. आता करायचं काय? उरलेली कवळी दिली. त्यांनी घातली. आरशात बघितलं, गाल आत-बाहेर केले. बोलायला गेले तर शिट्टी वाजली!

"अप्पा, महिन्याभरात माझं तोंड बारीक झालं का हो?"

अप्पा कधी खोटं बोलायचे नाहीत. अप्पांनी क्षणभर छताकडं पाहिलं.

"दुष्काळ हाय, शेठ," ते म्हणाले. "सगळेच बारीक झालेत!"

*

अप्पांची आणखी एक रीत होती. वस्तू किमती असली की रजिस्टरवरचा पत्ता बघून घरी पोस्टकार्ड टाकायचं. चांगली रीत. पण कार्ड उघडं असतं, ते कुणीही वाचतं, हे आमच्या ध्यानात यायला चांदीचे पैंजण सापडावे लागले.

अहमदपूरकडचे एक प्रतिष्ठित आडते एकटेच उतरले होते. ते गेल्यावर रहमतबीला गादीखाली पैंजणांचा जोड मिळाला, रुमालात गुंडाळलेला. मी नेहमीसारखं कार्ड टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं. अक्षर सुरेख, वळणदार.

"स. न. वि. वि. आपले कार्ड पोचले. पैंजण आमच्या घरचे नाहीत. कुणाचे आहेत हे आपणास समजल्यास आम्हासही उलटटपाली कळवावे."

खाली सही, सौभाग्यवतींची!

अप्पांनी कार्ड दोनदा वाचलं. "आजपासून कार्ड बंद. पाकीट टाका."

"अप्पा, बंद पाकीट आलं तर बायकोला जास्तच संशय येईल," मी म्हटलं.

"मग काहीच टाकू नका!"

पुढच्या सोमवारी ती बाई स्वतः हजर. मागं तिचे यजमान, त्यांच्या मागं त्यांची लेक. बाई शांत होती, हेच भीतीचं वाटत होतं.

"हे म्हणतेत, लेकीसाठी घेतले होते, तिला अचानक द्यायचे होते म्हणून बोलले न्हाईत. काढा बरं ते पैंजण."

लेक बाकावर बसली. आईनं स्वतः खाली बसून तिच्या पायात पैंजण चढवले. पोरीनं दोन पावलं टाकली आणि डाव्या पायातला पैंजण सरळ टाचेवरून निसटून फरशीवर पडला. खण्णकन. हॉटेलातली माणसं कपबशी धरून थांबली.

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी घसा साफ केला.

"वाढत्या अंगाचे घेतलेत जरा," ते म्हणाले.

लेकीच्या कडेवर दीड वर्षाचं लेकरू होतं!

*

मग लातूर जिल्हा झाला. मिरवणूक, गुलाल, पेढे, सगळं झालं. नंतर खरी गर्दी आमच्याकडं आली. उस्मानाबादहून बदलून आलेले कारकून, त्यांना घरं मिळेनात, एकेका खोलीत तीन-तीन कॉट. जिन्यात टाइपरायटर, गॅलरीत वाळत घातलेल्या विजारी. चहा पिता पिता नवीन कचेरीचं काम चालायचं.

त्यातले एक कारकून शनिवारी दुपारी घाईघाईनं गावी गेले. त्यांच्या कॉटखाली लाल फडक्यात बांधलेलं एक मोठं गाठोडं राहिलं. रहमतबीला वाटलं धुण्याचे कपडे. मी गाठ सोडून बघितली तर सातबारे, फेरफार, एका अख्ख्या गावाचे जमिनीचे कागद! जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात निघालेलं दप्तर आमच्याकडं थांबलं होतं.

अप्पा म्हणाले, "सरकारी कागद हाय. कुलूप लावा. सोमवारी येतील."

सोमवारी ते आले नाहीत. आला एक म्हातारा. हॉटेलच्या बाकावर बसून चहा बशीत ओतत होता, पण पीत नव्हता. अप्पांनी विचारलं, काय झालं?

"लेकीच्या नावानं दोन एकर करायचे हायेत. सातबाऱ्याचा उतारा पायजे. हितल्या कचेरीत गेलो, तर म्हणले तुमचं गाव अजून आलं न्हाई. तिथल्या कचेरीत फोन लावायला लावला, तर म्हणले तुमचं गाव कवाच गेलं." त्यानं बशी खाली ठेवली. "दोन्हीकडं आमचं गाव न्हाई म्हणून राहिलेत. सकाळी निघालो तवा तर होतं!"

बाक हसला. म्हातारा मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरले होते.

"गावाचं नाव काय?" अप्पांनी विचारलं. त्यानं सांगितलं. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मी कपाटाकडं.

गाठोडं बघून म्हातारा उठून उभा राहिला. चपला काढल्या. फडक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा. म्हणाला, "ह्यात माझ्या बापाचा अंगठा असंल." मग तिथून तो हललाच नाही. मंगळवारी सकाळी कारकूनसाहेब धापा टाकत आले, तोंड पांढरंफटक. बघतात तर कपाटापुढं पटका मांडीवर घेऊन म्हातारा राखणीला बसलेला!

साहेबांनी गाठोडं उचललं. म्हाताराही उठला, त्यांच्या बरोबरीनं चालू लागला. एक हात गाठोड्यावरच.

"मी येतो संगं," तो म्हणाला. "आणि साहेब, आता वाटंत चहाला थांबू नगा!"

*

बिलोलीचे एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या कामाला आले होते, ते आपला चष्मा विसरून गेले. त्यांचं कार्ड आलं. ओळी तिरप्या, अक्षरं कोंबडीच्या पायासारखी. "चष्मा राहिला आहे. त्यावाचून लिहीत आहे, अक्षराबद्दल क्षमा असावी. चाळीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवले."

हे वाचून मला राहवलं नाही. मी उमरीला जाणारच होतो. नांदेडला गाडी बदलून आधी बिलोलीला गेलो. गुरुजी एकटेच राहायचे, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी स्वतः पिठलं केलं, भाकरी शेजारून आणली. जेवणं झाली, गप्पा झाल्या आणि मी माझी छत्री तिथंच विसरून आलो!

वीस दिवसांनी गुरुजी लातूरला हजर, हातात माझी छत्री. "काम होतं का काही?" मी विचारलं. "हेच," म्हणाले. दिवसभर हॉटेलात बसले, अप्पांशी बोलले, संध्याकाळच्या गाडीनं गेले. मागं बाकावर त्यांची काठी.

अप्पा काठीकडं बघत म्हणाले, "चष्मा विसरंल माणूस, छत्री विसरंल. पण काठीवाचून हा माणूस गाडीपर्यंत गेला कसा?"

पुढच्या महिन्यात काठी घेऊन बिलोलीला गेलो आणि येताना माझी पिशवी ठेवून आलो. मुद्दाम. असं सात वर्षं चाललं. अडकित्ता, टोपी, पंचांग, एकदा तर एक चप्पल! एकमेकांशी आम्ही याबद्दल अवाक्षर बोललो नाही.

शेवटी त्यांचा मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला. तो विष्णुपुरीला धरणावर नोकरीला होता. तिथं मी त्यांचं पेन द्यायला गेलो. गुरुजी खूप थकले होते, ऐकूही कमी यायचं. सुनेनं चहा दिला. गाडीची वेळ झाली, मी उठलो.

"मॅनेजर," कॉटवरून गुरुजींनी हाक मारली. "बघा बरं. काही राहिलं न्हाई ना?"

मी खिसे चाचपले. पिशवी होती, छत्री होती.

"नाही गुरुजी. सगळं घेतलं."

त्यांचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाले आणि भिंतीकडं बघू लागले.

मी दारातून परत फिरलो. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं.

"आता राहिलं, गुरुजी."

*

जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली आणि पाऊस पुन्हा गेला. पुन्हा टँकर, पुन्हा गिऱ्हाइकाला एक बादली.

त्या उन्हाळ्यात देगलूरकडचा एक मुलगा सात नंबरला उतरला. बावीस-तेवीसचा. नवीन कचेरीत भरती होती, त्याची मुलाखत होती. सकाळी प्रवासातला सदरा काढून दाराच्या खुंटीला लावला, नवा घातला, मला विचारलं, "सर, कॉलर बरोबर हाय ना?" मी म्हटलं, बरोबर आहे. मुलाखत देऊन तो हसतच आला, खोलीचे पैसे दिले, पिशवी उचलली आणि पळाला. सदरा खुंटीलाच राहिला.

पांढरा सदरा होता. गळ्याशी, काखेत घामानं पिवळा पडलेला, पाठीवर प्रवासाची धूळ. रहमतबीला ते बघवेना. स्वतःच्या अंघोळीचं पाणी राखून तिनं सदरा धुतला. खालच्या लाँड्रीतून कडक इस्त्री करून आणला. वर्तमानपत्रात घडी घालून कपाटात ठेवताना मला दाखवला. "देखो मॅनेजरसाब, नोकरीवर जाताना घालील बच्चा."

तो काही आला नाही. पाच-सहा महिने गेले.

एके दुपारी एक बाई आली, चाळिशीच्या पुढची. सोबत तिचा भाऊ. बाई दारातच थांबली. भावानं मुलाचं नाव सांगितलं आणि विचारलं, हा तुमच्याकडं उतरला होता का? मी रजिस्टर चाळलं. सापडलं नाव.

मग भाऊ खालच्या आवाजात बोलला. मुलाखत देऊन घरी येताना गाडीला अपघात झाला होता. पोरगं जागीच गेलं होतं. अंगावरचे कपडे पोलिसांकडंच राहिले. पिशवी मिळालीच नाही.

"ताई म्हणली, तो शेवटी कुठं राहिला ते बघायचं हाय. म्हणून आणलं तिला."

अप्पा उठले. स्वतःची खुर्ची बाईला दिली, पाणी दिलं. मी रजिस्टर तिच्यापुढं फिरवलं. तिला वाचता येत नसावं. भावानं बोट ठेवून दाखवलं तेव्हा तिनं त्या सहीवरून बोट फिरवलं, सावकाश, पाटीवर अक्षर गिरवतात तसं.

आणि मला सदरा आठवला.

रहमतबी वर खोल्या झाडत होती. मी जिन्यातून हाक मारली, "सात नंबरचा सदरा काढ. घरची माणसं आलीत!"

ती लगबगीनं आली. कपाट उघडलं, पुडकं काढलं, सुतळी सोडली. पांढराशुभ्र सदरा, एक सुरकुती नाही. दोन्ही हातांवर धरून तिनं तो बाईपुढं केला.

"ए अल्ला, कधीपासून वाट बघतो आम्ही. घ्या, ताई."

बाईनं सदरा घेतला. छातीशी धरला. मग चेहऱ्यावर ओढून घेतला आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.

थोडा वेळ तशीच होती. मग सदरा खाली घेऊन तिनं घडी मोडली. कॉलर उलटी केली, नाकाशी धरली. बाही उघडली, काखेजवळ तोंड नेलं. पुन्हा कॉलर. पुन्हा बाही.

मग तिनं मान वर केली.

"धुतला व्हय, बाई?"

"हाव, ताई!" रहमतबी म्हणाली. "दोन पाण्यानं धुतला!"